खाडा

गेल्या मंगळवारी आईच्या बीपीच्या गोळ्या संपल्या होत्या, म्हणून शाळेतून येताना कोल्हापुरातल्या राजारामपुरीत मेडिकलपाशी गाडी लावली. संध्याकाळचे सात वाजून गेलेले. शेजारच्या गाड्यावर वडे तळत होते आणि तिखटाच्या वासानं घसा खवखवत होता. काउंटरपुढं चार-पाच जण होते. माझ्या पुढं एक मुलगी उभी होती, असेल बावीस-तेवीसची. तोंडाला स्कार्फ गच्च बांधलेला, डोळे तेवढे उघडे. शंभराची नोट तिनं चार घड्या करून हातात धरली होती आणि अंगठ्यानं त्या घडीची कड सारखी घासत होती. तिचा नंबर आला तेव्हा ती काहीतरी पुटपुटली. काउंटरवरच्या पोरानं विचारलं, "कसलं किट? शुगरचं?" ती थोडी पुढं वाकली आणि म्हणाली, "प्रेग्नन्सीचं." त्यानं तिथूनच आत हाक मारली, "दादा, प्रेग्नन्सीचं कुठलं देऊ?" त्या क्षणी आम्ही सगळे आपापल्या हातातल्या चिठ्ठ्या वाचू लागलो. किट आलं, कागदात गुंडाळलं गेलं, काळ्या पिशवीत गेलं. पैसे देता देता तिनं विचारलं, आणि आवाज इतका लहान होता की मी शेजारी नसते तर मलाही ऐकू आलं नसतं: "कालपासून जरासा डाग दिसतोय. पाळी येऊन पंधराच दिवस झालेत. आज केली तर कळतंय का?" पोरगा म्हणाला, "कळतंय की. दोन मिनिटांत कळतंय. घरी जाऊन लगेच करा." तिनं मान हलवली, पिशवी पर्समध्ये खोल दाबली आणि गाडी वळवून गेली.

मला उत्तर ठाऊक होतं. मी बोलले नाही.

तीन दिवस मला ते टोचत राहिलं. मी शाळेत गणित शिकवते. पोरांनी चुकीची पायरी लिहिली की फळ्यापर्यंत धावत जाणारी बाई आहे मी. आणि तिथं, एका हाताच्या अंतरावर, एक मुलगी सबंध हिशेबच चुकीचा धरून घरी चालली होती. ती टेस्ट करणार, एकच रेघ येणार, सुटलो म्हणून ती झोपणार. किंवा एकच रेघ आली म्हणून रडेल, तेही मला माहीत नव्हतं. स्कार्फच्या वर दिसणाऱ्या दोन डोळ्यांवरून तिला काय हवं होतं ते मला कळलं नाही. पण त्या दिवशीच्या त्या एका रेघेला काहीच अर्थ असणार नव्हता, हे तेव्हा मला नक्की वाटत होतं. पंधराव्या दिवशीचा डाग हा बऱ्याचदा अंडाशयातून बीज सुटायच्या सुमाराचा असतो. त्या महिन्यात काही घडणार असेल तर ते अजून घडायचं असतं. जे घडलेलंच नाही त्याची रेघ कुठून उमटणार?

डाग. या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे. आमच्या भागात डाग म्हणजे दागिनासुद्धा. गुजरीत, सराफांच्या पेठेत, जाऊन लेकीसाठी दोन डाग करून ठेवलेत, असं माझी आई अभिमानानं सांगायची. आणि तीच आई साडीच्या मागच्या बाजूला बोटभर लाल दिसलं की कानाशी येऊन म्हणायची, "डाग पडलाय, आत चल." एकाच शब्दानं अंगावर मिरवायचं आणि अंगाखाली लपवायचं. आता मुली स्पॉटिंग म्हणतात. मला तो शब्द आवडतो, कारण त्यात शरम नाही. पण आमच्या पिढीला तो उशिरा मिळाला. त्याआधी आमच्याकडं होते ते दिवस. दिवस गेले, दिवस राहिले, दिवस भरले. बाईच्या पोटातलं सगळं आपण दिवसांतच मोजत आलो. इतकं मोजूनही नेमकं कुठून मोजायचं हे मात्र कुणी शिकवलं नाही. पाळीचं अंगावरून जाणं सुरू झालं तो पहिला दिवस, आणि पुढची पाळी सुरू व्हायच्या आदल्या दिवसापर्यंत एक फेरा, एवढी साधी गोष्ट मला लग्नानंतर तीन वर्षांनी कळली. तोपर्यंत मी पाळी संपलेल्या दिवसापासून मोजत होते. गणिताची बाई.

ते वर्ष २००९. मंगळवार पेठेतलं घर, खाली सासू-सासरे, वर आम्ही. लग्नाला तीन वर्षं झालेली आणि पाळणा हलत नव्हता. कुणी उघड बोलायचं नाही, पण हळदीकुंकवाला ओटी भरताना बायकांचा हात माझ्यापाशी येऊन एक क्षण जास्त थांबायचा, तेवढं पुरायचं. स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी कॅलेंडर टांगलेलं असायचं. त्यावर आत्तींचा, म्हणजे सासूबाईंचा, दुधाचा हिशेब. गवळी वडणग्याहून यायचा, म्हशीचं दोन लिटर. तो आला की काही लिहायचं नाही, नाही आला त्या तारखेच्या चौकोनात फुली. महिनाअखेरीला फुल्या मोजायच्या, तेवढा खाडा वजा करायचा आणि पैसे द्यायचे. मीही त्याच कॅलेंडरवर पेन्सिलीनं फुल्या करायला लागले. पाळीचे पाच दिवस पाच फुल्या, आणि मधे एखाद्या दिवशी जरासा गुलाबी-तपकिरी डाग दिसला की एक. माझ्या फुल्या बारीक होत्या, पेन्सिलीच्या होत्या, आत्तींच्या जाड आणि पेनच्या. मला वाटलं होतं कुणाला कळायचं नाही. आत्तींना मोतीबिंदू व्हायला लागला होता, हे मी धरलंच नाही.

दिवाळीचा महिना होता तो. महिनाअखेरीला सकाळी मी वर केस पुसत होते, आणि खालून आवाज चढले. "सात दिवस आला न्हाईस आणि पैसे पुरे मागतोस?" आत्ती म्हणत होत्या. गवळी कळवळून सांगत होता, "काकू, एक पाडव्याचा दिवस तेवढा खाडा केलाय. म्हशी रंगवायच्या हुत्या, मिरवायच्या हुत्या, म्हणून आलो न्हाई. बाकी एक दिवस चुकलो असंन तर म्हशीची शपथ." आत्तींनी कॅलेंडर भिंतीवरून काढून दारात आणलं. हे बघ, हे बघ, म्हणत त्या चौकोनांवर बोट ठेवत गेल्या. पाच फुल्या सलग, मग मोकळं, मग एक एकटी, आणि पाडव्याची. मी जिन्यात उभी होते. त्या सलग पाचांवर त्यांचं बोट दुसऱ्यांदा गेलं तेव्हा हळू झालं. त्यांनी कॅलेंडर डोळ्यांजवळ नेलं. पेन्सिल आणि पेन वेगळं दिसलं असावं. वर मान करून त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्या गवळ्याला एवढंच म्हणाल्या, "माझंच चुकलं बाबा. एकच खाडा हाय तुझा." आणि पैसे मोजून दिले. वर दिवाळीचे पन्नास जास्त दिले.

मला त्या दिवशी जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. माझ्या शरीराचा हिशेब दारात गवळ्यापुढं मोजला गेला होता. संध्याकाळी भाकरी थापताना आत्ती माझ्याशी नेहमीसारख्या बोलल्या, मीठ बघ म्हणाल्या, लसूण सोल म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर कॅलेंडर जागेवर होतं, आणि शेजारच्या कपाटाच्या दाराला आतून, जिथं फक्त दार उघडल्यावर दिसेल तिथं, खडूनं उभ्या रेघा मारून दुधाचा नवा हिशेब सुरू झाला होता. कॅलेंडर त्यांनी मला दिलं होतं. एक शब्द न बोलता. त्या कपाटाच्या दारावर आजही, रंग दोनदा दिला तरी, तिरपा उजेड पडला की त्या खडूचा पांढरा पट्टा दिसतो असं मला वाटतं.

मग महिन्याभरानं एका दुपारी, शेंगदाणे निवडताना, त्यांनी विचारलं, "ती मधली एकटी फुली कसली गं?" मी म्हटलं, "मधेच जरासा डाग पडतो. एक दिवस. पॅडसुद्धा लागत नाही." त्या बराच वेळ गप्प होत्या. सुपातले दाणे एका बाजूला सरकवत म्हणाल्या, "मलापण पडायचा. एकोणीस वर्षांची हुतो मी. कुणाला सांगितलं न्हाई. मला वाटायचं आत काय नासतंय. तेवढ्या दिवशी देवीला जायाचं न्हाई, लोणच्याला हात लावायचा न्हाई, आणि का लावत न्हाई ते सांगायचंबी न्हाई." आमच्याकडं जुन्या बायका मी गेलो, मी हुतो असंच बोलतात. चाळीस वर्षं ती गोष्ट त्यांच्यापाशी होती. चार मुलं झाली, तरी आत काहीतरी नासकं आहे ही भीती त्यांनी सांभाळली. मला अजून त्यांच्या बोटांना चिकटलेली ती शेंगदाण्याची तांबडी सालं आठवतात.

त्या आठवड्यात त्या स्वतः मला डॉक्टरबाईंकडं घेऊन गेल्या. रिक्षात माझ्या मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. डॉक्टरबाई वयस्क, आवाज करडा, पण हातात माझं कॅलेंडर घेतल्यावर चेहरा बदलला. चिठ्ठीच्या पाठीमागं त्यांनी एक आडवी रेघ ओढली. माझे फेरे तीस दिवसांचे होते. "तीसमधून चौदा वजा कर," म्हणाल्या. सोळा. माझी एकटी फुली पंधराव्या-सोळाव्यालाच पडत होती. बीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी. सुटायच्या सुमाराला शरीरातलं एक संप्रेरक शिगेला जातं आणि एकदम थोडं उतरतं, त्या उताराला गर्भाशयाचं अस्तर किंचित सुटतं आणि काही जणींना थेंबभर डाग दिसतो. सगळ्यांना नाही, आणि जिला दिसतो तिलाही दर महिन्याला नाही. ताजं असेल तर गुलाबी, बाहेर यायला वेळ लागला तर तपकिरी. एक-दोन दिवसांत थांबतो. कधी एका कुशीला बारीक कळ येते, तीही त्याचीच. पुस्तकातल्या आकृतीत सगळ्यांचा फेरा अठ्ठावीस दिवसांचा असतो, पण एकवीसपासून पस्तीसपर्यंतचे फेरे निरोगी बायकांचे असतात, त्यामुळं चौदावा दिवस हा सगळ्यांचा मधला दिवस नव्हे. मागून मोजायचं, पुढून नाही. आत्ती समोरच्या खुर्चीवर बसून हे सगळं ऐकत होत्या. निघताना त्यांनी डॉक्टरबाईंना विचारलं, "म्हंजे नासत न्हाई?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "उलट. यंत्र वेळेवर चालतंय."

नंतर कधीतरी वाचलं की हे मागून मोजायचं गणित १९२०च्या दशकात जपानमधल्या ओगिनो आणि ऑस्ट्रियातल्या क्नाउस या दोन डॉक्टरांनी एकमेकांपासून वेगवेगळं शोधलं. आणि त्याच सुमाराला, १९२१ साली, आपल्याकडं मुंबईत रघुनाथ धोंडो कर्व्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं. तेही गणिताचे प्राध्यापक होते. त्या कामापायी त्यांची नोकरी गेली. मला हे कळलं तेव्हा फार जवळचं कुणी भेटल्यासारखं झालं. शंभर वर्षांपूर्वी मराठी बोलणारा एक गणिताचा मास्तर हे मोठ्यानं सांगत होता, आणि मी मात्र २००९ साली पेन्सिलीनं लपवून फुल्या करत होते.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण मंगळवारी त्या मुलीकडं बघताना मला तीच दिसत होती. २०१० च्या पावसाळ्यातला महिना. रंकाळा काठोकाठ, घरातले कपडे चार-चार दिवस वाळत नव्हते. त्या महिन्यात मधली फुली पडलीच नाही. पण सव्विसाव्या दिवशी सकाळी तपकिरी डाग दिसला, पुसला तर संपला. मला वाटलं पाळी लवकर येतीय. पोटात दुखतही होतं, नेहमीसारखं. तरी मन ऐकेना, म्हणून कपाटात आणून ठेवलेलं किट त्याच सकाळी वापरलं. एक रेघ. पाच मिनिटं बाथरूमच्या बादलीवर बसून मी ती एक रेघ बघत राहिले. मग ते किट कचऱ्यात टाकलं, अंघोळ केली, शाळेत गेले, नववीच्या वर्गात बीजगणित शिकवलं. दुपारच्या सुट्टीत मात्र स्टाफरूमच्या मागं जाऊन रडले.

विरजण लावल्यावर झाकण उघडून बघायचं नसतं, हे मला सहा वर्षांची असल्यापासून ठाऊक आहे. रात्री दहाला लावलं आणि बाराला बघितलं तर दूधच दिसणार. दही होणार नाही असा त्याचा अर्थ नाही, झालेलं नाही एवढाच अर्थ. टेस्टचं तसंच आहे. गर्भ राहिला तरी तो अस्तरात रुजेपर्यंत बीज सुटल्यापासून सहा ते बारा दिवस जातात. रुजल्यावरच एचसीजी नावाचं संप्रेरक तयार व्हायला लागतं, आणि किटवरची दुसरी रेघ उमटते ती त्याचीच. सुरुवातीला ते इतकं थोडं असतं की किटला लघवीत सापडतसुद्धा नाही. मग दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होत जातं. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. माझ्या नववीच्या पोरांना विचारलं तर तीही सांगतील की अशा हिशेबात एक आठवडा थांबलं तर काय फरक पडतो. सव्विसाव्या दिवशी, म्हणजे बीज सुटून जेमतेम दहा दिवसांनी, माझं दूध नुकतंच कोमट होतं.

पाळी आली नाही. एकतीस, बत्तीस, तेहतीस. पस्तिसाव्या दिवशी पहाटे उठून, पहिल्या लघवीचे तीन थेंब टाकले. रात्रभर साठलेली असते म्हणून पहाटेची चांगली. सी समोरची रेघ आधी आली. ती आलीच नाही तर किट बिघडलेलं समजायचं. मग टी समोर, आधी पाण्यात कुंकू विरघळावं तशी, मग गडद होत गेलेली. मी वर जाऊन नवऱ्याला उठवायच्या आधी खाली गेले. आत्ती चहाचं आधण ठेवत होत्या. मी ती पट्टी त्यांच्या हातात दिली. त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन बघितली, त्या दिवशी कॅलेंडर नेलं होतं तशीच, आणि म्हणाल्या, "दोन हायत न्हवं? का मला दोन दिसाल्यात?"

तो सव्विसाव्या दिवशीचा डाग कशाचा होता, ते सांगता येत नाही असं डॉक्टरबाई म्हणाल्या. गर्भ राहिलेल्या बायकांपैकी साधारण चार-पाचांतल्या एकीला पहिल्या तीन महिन्यांत थोडंफार अंगावरून जातं, आणि त्यातल्या कितीतरी जणींचं बाळंतपण व्यवस्थित होतं. माझंही झालं. पण डागाकडं बघून होय किंवा नाही ठरवता येत नाही. रंगावरून नाही, वासावरून नाही, किती पडला त्यावरूनही नाही. पाळी आली म्हणून जो डाग आपण मनातल्या मनात धरून टाकतो तो पाळी असेलच असं नाही. म्हणूनच आता मला वाटतं की त्या मुलीला सांगायच्या आधी मी तिला एक प्रश्न विचारायला हवा होता: पंधरा दिवसांपूर्वी जी आली ती नेहमीसारखी होती का? नेहमीइतके दिवस, नेहमीइतकी? ती नेहमीपेक्षा फारच थोडी असेल, दीड दिवसात आटोपली असेल, तर पाळी समजली ती पाळीच नसेल, आणि मग आजची टेस्टही योग्य. हा एक प्रश्न सगळा हिशेब फिरवतो.

माझ्या एका मैत्रिणीचं असंच झालं होतं. तिला पाच-सहा दिवस बारीक डाग पडत राहिला. या वेळी पाळी अशीच आलीय म्हणून ती गप्प राहिली. उजव्या कुशीत दुखायचं, ते तिनं मुळ्याच्या भाजीवर ढकललं. रंकाळ्यावर फिरायला गेली असताना तिला घेरी आली, आणि खांद्याच्या टोकाला दुखतंय असं ती सारखी म्हणत होती. खांद्याचा आणि पोटाचा काय संबंध, असं आम्हाला वाटलं. पण पोटात आत रक्त साठलं की ती कळ खांद्यावर उमटते. गर्भ गर्भाशयात न रुजता बीज आणणाऱ्या नलिकेत रुजला होता आणि नलिका फुटली होती. त्याच रात्री ऑपरेशन झालं, नलिका काढावी लागली, ती वाचली. आता तिला एक मुलगा आहे, माझ्या लेकीपेक्षा तीन वर्षांनी लहान. शंभरातल्या एक-दोन गर्भांचं असं होतं. मी तिच्या खाटेशी बसले होते तेव्हा ती एकच गोष्ट परत परत सांगत होती: "मी टेस्ट केली असती गं. मला वाटलं येतीय की पाळी, मग कशाला करायची." तेव्हापासून मी भेटेल तिला सांगते. टेस्टला दोन रेघा आणि डाग चालूच, किंवा एका बाजूला कळ, घेरी, खांदा, असलं काही दिसलं तर उद्याची वाट बघायची नाही. तासाला एक पॅड भिजत असेल, सलग दोन तास, तरी नाही.

भेटेल तिला सांगते, आणि मंगळवारी सांगितलं नाही. का, हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारलं. मला वाटतं, त्या पोरानं आत हाक मारल्यावर आम्ही सगळ्यांनी जी खाली मान घातली, ती घातल्यावर पुन्हा वर करणं अवघड होतं. बोलले असते तर मी ऐकलं हे कबूल केल्यासारखं झालं असतं. तिची लाज राखायची म्हणून मी तिला एकटं पाडलं. आत्ती कॅलेंडर धरून दारात उभ्या होत्या तेव्हा त्यांनी माझी लाज राखली, पण मला एकटं पाडलं नाही. हा फरक मला आत्ता, हे लिहिताना दिसतोय.

तिनं कदाचित संबंधानंतर घ्यायची ती बहात्तर तासांची गोळीही घेतली असेल. तीही त्याच काउंटरवर मिळते. ती घेतल्यावर काही दिवसांनी थोडं रक्त दिसू शकतं, आणि पोरी ते बघून पाळी आली, सुटले असं समजतात. ती पाळी नव्हे. त्या गोळीनं पाळी आठवडाभर पुढं-मागंही होते. अशा वेळी, किंवा ज्यांचा फेरा मुळातच कसाही असतो त्यांनी, शेवटच्या संबंधापासून एकवीस दिवस मोजावेत आणि मग टेस्ट करावी. तेव्हाची रेघ खरं बोलते. रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या नव्या सुरू केल्या तरी पहिले दोन-तीन महिने मधे मधे डाग पडतो, एखादी विसरली तरी पडतो. तांबी बसवल्यावरही. थायरॉईड असतं, गर्भपिशवीच्या तोंडाला सूज असते, आत बारीक कोंब वाढलेला असतो. दर महिन्याला वेगळ्याच दिवशी डाग पडायला लागला, संबंधानंतर रक्त दिसलं, तर दाखवून घ्यावं. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब दिसला तरीसुद्धा. माझ्या मावशीनं तो थेंब दीड वर्ष देवीची कृपा म्हणून लपवला होता, त्याबद्दल मी आज लिहिणार नाही.

आमच्याकडं कामाला येणाऱ्या ताई पाचगावच्या. त्यांच्या सुनेला गावातल्या आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी फुकट किट दिलं. त्यावर नाव होतं, निश्चय. मला ते नाव फार आवडलं. आशाताई सुनेच्या शेजारी जोत्यावर बसून म्हणाल्या होत्या म्हणे, "आज नको करू. पाळी चुकू दे. चुकल्यावर कर. नाही आली रेघ तर आठवड्यानं परत ये, दुसरं देते." ताईंनी हे मला भांडी घासता घासता सांगितलं, आणि मला वाटलं, राजारामपुरीतल्या त्या मुलीला पाचगावचं जोतं मिळायला हवं होतं.

शनिवारी अर्धी शाळा. दुपारी मी परत त्या मेडिकलवर गेले. उन्हाचं कुणी नव्हतं. पोरगा मोबाईल बघत होता. मंगळवारची मुलगी त्याला आठवत नव्हती, दिवसाला चार-पाच जण येतात म्हणाला. मी त्याला सांगितलं. सगळं नाही, जेवढं काउंटरवर सांगता येईल तेवढं. डाग दिसला म्हणून त्याच दिवशी नको. पाळी चुकल्यावर, पहाटेची. एक रेघ आली आणि पाळी तरीही आली नाही तर आठवड्यानं पुन्हा. फेरा कसाही असेल तर एकवीस दिवस मोजून. पाच मिनिटांत बघायची, अर्ध्या तासानं दिसलेली फिकट रेघ धरायची नाही, ती वाळल्याची असते. आणि आत हाक मारायची नाही. तो आधी लाजला, मग ऐकायला लागला. "मी फार्मसीवाला न्हाई मॅडम. दादा आहेत. मी नुसता कामाला हाय," म्हणाला. मग विचारलं, "ते एकवीस कधीपास्नं धरायचे?"

"संबंध आला त्या दिवसापासून. शेवटचा."

त्यानं गोळ्यांच्या रिकाम्या खोक्याची एक कड फाडली आणि बॉलपेननं त्यावर लिहिलं: चुकल्यावर. नायतर २१. ते काउंटरच्या काचेखाली, आपल्या बाजूनं वाचता येईल असं सरकवलं. मी आईच्या गोळ्यांचे पैसे काढत होते. तो मागं वळला. मागच्या भिंतीवर कुठल्याशा कंपनीचं मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर होतं. त्यानं एका तारखेवर बोट ठेवलं आणि ओठ हलवत, चौकोन चौकोन पुढं मोजत गेला. एकविसाव्यावर बोट थांबलं. तिथं त्यानं पेननं अगदी बारीक फुली केली. ती कुणासाठी, ते मी विचारलं नाही.